तुम्ही विचारलंत म्हणून: काका बॅप्टिस्टा टिळकांबरोबर कसे काय?

"ख्रिश्चन असून टिळकांबरोबर कसे काय?" काका बॅप्टिस्टांचं, म्हणजे टिळकांचे साथीदार जोसेफ बॅप्टिस्टांचं, नाव निघालं की हा प्रश्न मला हमखास येतो, कारण मी ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिश्चन), आणि आमच्यातला स्वातंत्र्यलढ्यातला माणूस म्हटलं की आम्ही सगळे पहिलं नाव त्यांचंच घेतो. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. टिळक म्हणजे गणेशोत्सव, शिवजयंती, पुणेरी पगडी, आणि हा माझगावचा जोसेफ नावाचा बॅरिस्टर तिथे कुठून आला असं वाटणारच. दरवेळी दोन वाक्यांत उरकते, आज सविस्तर लिहिते.

आधी माणूस कुठला ते. जन्म 17 मार्च 1864, माझगावच्या मातारपाखाडीत, घराणं मूळचं उत्तनचं. म्हणजे गोव्याहून किंवा मंगळूरहून आलेलं कुटुंब नाही, मुंबई-साष्टी-वसई पट्ट्यातले मूळचे मराठी बोलणारे लोक, पोर्तुगीजांच्या काळात बाप्तिस्मा झालेले. आमच्या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं ते व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या सुमारास, 1887 ला तर असोसिएशनच निघाली, आणि त्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. गोव्या-मंगळूरकडचे ख्रिश्चन नोकऱ्यांसाठी मुंबईत यायला लागले होते, आणि आम्ही इथलेच, ब्रिटिशांची आधीपासूनची प्रजा, हे साहेबाला दिसायला हवं होतं. अशा समाजातून स्वराज्य मागणारा पुढारी निघाला! मला विचाराल तर टिळकांबरोबर कसे यापेक्षा हे जास्त नवलाचं आहे, पण हे कोणी विचारत नाही.

शिक्षण म्हणाल तर आधी पुण्यात इंजिनिअरिंग, मग सिंधमधे जंगल खात्यात नोकरी, मग ती सोडून केंब्रिज आणि बॅरिस्टरी. साधारण 1900 च्या आसपास मुंबईत परत येऊन वकिली, लॉ कॉलेजात शिकवणं, आणि म्युनिसिपालिटीत निवडून जाणं, तिथे तर ते वर्षानुवर्षं होते. ही यादी रटाळ वाटेल पण उत्तर इथेच आहे असं माझं मत. या माणसाने सरकार आतून बघितलं होतं, आधी नोकर म्हणून, मग कोर्टात, मग कॉर्पोरेशनमधे. गटाराला पैसे कोण मंजूर करतो, टॅक्स कोण लावतो, खटल्यात पंच म्हणून कोण बसतो, त्यांचं स्वराज्य या प्रश्नांतून आलेलं होतं, आणि अशा स्वराज्याला धर्म आडवा येत नाही.

1908 चा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला घ्या. केसरीतल्या लेखांवरून 24 जूनला टिळकांना पकडलं, जामिनासाठी जिना उभे राहिले, तो फेटाळला गेला. टिळकांनी पुढे स्वतःच बचाव केला, दिवसचे दिवस भाषण, ते सगळ्यांना माहितीये. पण त्याआधी एक छोटी लढाई झाली ती काकांची. सरकारने स्पेशल ज्युरी मागितली, म्हणजे वरच्या थरातल्या लोकांच्या वेगळ्या यादीतून निवडलेले पंच, आणि काकांनी विरोध केला, मुद्दा असा की या यादीतून ज्युरी काढली तर तिच्यात युरोपियनच जास्त येणार, आणि लेख आहेत मराठीत, आता ज्याला मराठी वाचता येत नाही त्याने त्या मराठीत राजद्रोह आहे की नाही हे ठरवायचं कसं? किती साधा आणि किती बिनतोड मुद्दा. न्यायमूर्ती दावर यांनी ऐकलं नाही. ज्युरी बसली सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल लागला सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. गिरणी कामगारांनी सहा दिवस मुंबई बंद पाडली ती याच शिक्षेवरून. आणि मराठी कोणाला कळतं यावरून कोर्टात भांडणारा वकील होता जोसेफ नावाचा, हे मी प्रश्न विचारणाऱ्यांना मुद्दाम सांगते. दोन वर्षांनी सावरकरांच्या खटल्यातही बचावाच्या वकिलांत काका होतेच.

दुसरी गोष्ट आयर्लंडची. इंग्लंडात शिकताना आयरिश होमरूलचं राजकारण काकांनी जवळून पाहिलं होतं, कॅथलिक माणसाला त्यात जरा जास्तच रस असणार (हा माझा अंदाज हं). साम्राज्यात राहून आपलं पार्लमेंट मागायचं, कायद्याच्या भाषेत मागायचं, आणि मागतच राहायचं, अशी ती रीत. टिळक मंडालेहून 1914 ला सुटून आले, काँग्रेस तेव्हा थंड पडलेली, आणि एप्रिल 1916 मधे बेळगावला होमरूल लीग निघाली. अध्यक्ष कोण, तर टिळक नाहीत, अध्यक्ष बॅप्टिस्टा आणि सेक्रेटरी न. चिं. केळकर. गंमत बघा, टिळकांच्या लीगचा मुलूख म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड, पण मुंबई शहर नाही, ते अ‍ॅनी बेझंटबाईंच्या वेगळ्या होमरूल लीगकडे. म्हणजे अध्यक्ष माझगावचे आणि त्यांचं माझगावच लीगच्या हद्दीबाहेर!

आता ते "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे" चं प्रकरण, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. हे वाक्य मूळ काकांचं असं बरेच जण सांगतात, आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर 17 मार्चला फॉरवर्ड येतोच. मला त्या वादात पडायचंच नाही. वाक्य लोकांपर्यंत पोचलं ते टिळकांच्या तोंडून, आणि काकांना मोठं ठरवायला ते वाक्य उसनं घ्यायची काही गरज नाही, त्यांचं स्वतःचं काम भरपूर आहे.

त्यातलं सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे कामगारांचं. ऑक्टोबर 1920 च्या शेवटच्या दिवशी मुंबईत आयटक, म्हणजे कामगार संघटनांचा देशभरचा महासंघ, स्थापन झाली, अध्यक्ष लाला लजपतराय, उपाध्यक्षांत काका. पुढच्या वर्षी अधिवेशन झालं झरियाला, कोळशाच्या खाणींच्या गावात, त्याचे अध्यक्ष बॅप्टिस्टा. एक बॅरिस्टर, सुटाबुटातला, खाण कामगारांच्या गर्दीत भाषण करतोय, हे चित्र आमच्या समाजातल्या लोकांनाही माहीत नसतं, आम्ही फक्त 'टिळकांचे मित्र' एवढ्यावर खुश.

टिळक गेले 1920 च्या ऑगस्टमधे आणि राजकारण गांधींकडे गेलं. काका वकील माणूस, कौन्सिलवर बहिष्कार, कोर्टावर बहिष्कार हे त्यांच्या पिंडातच नव्हतं, आत जाऊन भांडायचं ही त्यांची लाईन. ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात गेले, पुढे दिल्लीच्या असेंब्लीतही. आता या प्रांतिक कौन्सिलात हाताला लागायचं काय, तर 1919 च्या सुधारणांनी शिक्षण, आरोग्य, म्युनिसिपालिट्या ही खाती मंत्र्यांकडे दिली आणि पोलीस, जमीन महसूल, तिजोरी गव्हर्नरच्या हातात ठेवली. शाळा काढा पण पैसे आमच्याकडे मागा असा कारभार. तरी आत जाऊन बसावं की नाही यावर त्या काळात माणसं एकमेकांशी तुटली, आणि इतिहासाने बाहेर राहिलेल्यांना झुकतं माप दिलं असं मला वाटतं. काका मागे पडले ते यामुळे, धर्मामुळे नाही. टिळकांचे बाकीचे साथीदार तरी आज कितीजणांना आठवतात? केळकरांचं नाव तरी कोण काढतो?

1925 ला ते मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, आज आपण महापौर म्हणतो ते पद. 1930 च्या सप्टेंबरमधे गेले, कबर शिवडीच्या दफनभूमीत आहे.

बघायला जायचं असेल तर हार्बर लाईनवर डॉकयार्ड रोडला उतरा. भंडारवाडा टेकडीवर, पाण्याच्या रिझर्व्हॉयरच्या वर, जोसेफ बॅप्टिस्टा गार्डन आहे, तिथून डॉकमधली जहाजं मस्त दिसतात. मग खाली येऊन मातारपाखाडीत चक्कर मारा, लाकडी जिन्यांची थोडी जुनी घरं अजून उभी आहेत. फक्त फोटो काढताना जरा विचारून काढा, लोक राहतात तिथे.