ओढा कुठाय?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहा, असा फोन आला तेव्हा मी विचारलं, "शिव्यांवर लिहिलं तर चालेल का?" पलीकडे क्षणभर कुणी बोलेना. मग हसू फुटलं. चालेल म्हणाले, पण शिव्या नकोत. तेव्हा नको तिथे फुल्या वाचाव्यात.

1979 साली मी सातवीत होतो. वर्गातली निम्मी पोरं लोणंदच्या बाजाराच्या अंगानं वाढलेली. कांद्याच्या गाड्या, हमालांची घाई, जनावरांचे सौदे; तिथली भाषा दप्तराबरोबर शाळेत यायची. मनात वाईट कुणाच्याच नसायचं. दोस्ताला हाक मारायची तरी आधी त्याची आयमाय उद्धरायची आणि मग नाव घ्यायचं, एवढंच. छडी झाली, अंगठे धरून झाले. छडी खाल्लेलं पोरगं हात चोळत जागेवर येता येता आणखी एक हासडायचं, तेवढी हळू.

मग हेडसरांनी दंड बसवला. एका शिवीला पाच पैसे. वर्गात डालड्याचा रिकामा डबा आला, झाकणाला खाच पाडलेली, आणि कोण काय बोललं ते टिपायला मॉनिटरच्या हाती शंभर पानी वही. आठवडाभर वर्ग चिडीचूप. पुढच्या सोमवारी एका अडत्याच्या पोरानं डब्यात थेट आठ आणे टाकले आणि मॉनिटरला म्हणाला, "धा झाल्या. आत्ता तीन देतो, सात शिल्लक लिहून ठेव." त्या दिवशी दंड संपला. डबा मात्र टेबलावर तसाच राहिला.

वही गेली मराठीच्या बाईंकडे. बाई साताऱ्याच्या, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी वही उघडली आणि लाल पेन काढला. आम्ही माना खाली घातल्या. मॉनिटर इमानी, त्यानं फुल्या न मारता सगळं अक्षरशः उतरवलेलं. बाई एकेका ओळीवर थांबत होत्या, खुणा करत होत्या. पाच-सात मिनिटांनी त्यांनी वही आमच्याकडे फिरवली. प्रत्येक शिवीतले ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी दुरुस्त केले होते.

"दिवसभर तोंडात असतात आणि एक धड लिहिता येत नाही? अकरातल्या नऊ चुकल्यात."

हसावं की रडावं तेच कळेना. बाईंनी लगेच गृहपाठ दिला. आपापल्या आजीला राग आला की ती काय बोलते, ते दहा शब्द लिहून आणायचे. दुसऱ्या दिवशी फळा भरला. खापरतोंड्या, टोणग्या, उंडग्या, दळभद्र्या, ढालगज भवानी, मुडदा बशिवला तुझा. फळ्यावरून बाईंनी तीन प्रकारचे शब्द पुसले: बाईमाणसाच्या अब्रूवरचे, जातीवरचे आणि कुणाच्या व्यंगावरचे. पुसताना फार बोलल्या नाहीत. फळा निम्मा रिकामा झाला, तो आम्हाला दिसत होताच. उरले त्यांवर म्हणाल्या, "भांडा आता. पुरतील."

तेव्हा सुखेडच्या एका पोरानं हात वर केला. "बाई, मग आमच्या आयांना कोण बोलत न्हाई ते?"

आमच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया काठावर समोरासमोर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हलगी कडाडत असते, वरून श्रावणाची सर. पदर खोचून बाया पाण्यात उतरायला बघतात आणि पोलीस त्यांना मागे सारतात. हाच बोरीचा बार. सांगतात की या ओढ्यावर कधीकाळी दोन सवती भांडल्या, तेव्हापासूनची ही चाल. बार संपला की त्याच बाया एकमेकींची खुशाली विचारतात.

प्रश्न बिनतोड होता. बाई म्हणाल्या, "तुझ्या आईला वर्षातून एक दिवस आहे, आणि मध्ये ओढा आहे. तुझा ओढा कुठाय?"

झालं. वर्गाला शब्द मिळाला. कुणाच्या तोंडून गेलं की चाळीस पोरं ओरडायची, "ओढा कुठाय?" शिवी देणारा स्वतःच हसायचा आणि भांडण तिथंच विझायचं. शिव्या थांबल्या असं म्हणणार नाही, खोटं होईल. शाळेबाहेर त्या होत्याच. पण कबड्डीच्या मैदानावर "खापरतोंड्या" ऐकू यायला लागलं, हे खरं.

पुढे मी एसटीत वाहक झालो. पस्तीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून काय काय ऐकलं ते एसटीवाल्यांनाच ठाऊक. मागच्या बाकड्यावर कॉलेजची पोरं सुरू झाली की मी विचारायचो, "ओढा कुठाय रे?" त्यांना कळायचं नाही. "कसला ओढा, काका?" म्हणत पुढे यायची, मी बार सांगायला लागायचो आणि सांगून होईतो त्यांचा थांबा यायचा.

नोव्हेंबर 2024 मध्ये नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याच्या ग्रामसभेनं आई-बहिणीवरून शिवी दिली तर 500 रुपये दंड, असा ठराव केला. आई-बहिणीवर नेमकं बोट ठेवलं, हे मला आवडलं. दंडाचं मात्र आमच्या अडत्याच्या पोराला विचारा.

आठवीतली एक गोष्ट राहिली. बाई लोखंडी कपाटातून नकाशे काढत होत्या आणि दार त्यांच्या अंगठ्यावर आपटलं. बाईंच्या तोंडून एक शब्द गेला. तो इथे छापता येणार नाही. संपादक मंडळात दोघे आमच्याच वर्गातले आहेत, त्यांना खासगीत विचारावा. वर्ग दोन क्षण गप्प. मग मागच्या बाकावरून, अगदी हळू, "बाई... ओढा कुठाय?"

मॉनिटरनं जुनी वही काढली, बाईंचं नाव घातलं, पुढे शब्द लिहिला. बाईंनी अंगठा तोंडात धरूनच वही ओढून घेतली, लाल पेनानं एक वेलांटी दुरुस्त केली, आणि पर्समधून पाच पैसे काढून डालड्याच्या डब्यात टाकले.