माशा मारण्याचं तिसरं वर्ष

पहिल्या वर्षी मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत होडीवाल्या काकांनी माझी पिसांची गरी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "रे, मासे मारूक इलंस की माशी मारूक?" तेव्हापासून घरात फ्लाय फिशिंगला, म्हणजे पिसांच्या खोट्या माशीने मासे पकडण्याला, 'माशा मारणं' हेच नाव पडलं आहे. बायकोला ते फार आवडलं, कारण पहिली दोन वर्षं हिशेबाने तेच चाललं होतं.

यंदाची नोंद एप्रिलपासून. हिमाचलात ट्राउट मासे पकडायला बंदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी असते, त्यामुळे आम्हा पुणेकरांना तीर्थन नदी उन्हाळ्यातच जमते. मत्स्य विभागाचा परवाना काढायचा आणि बंजारच्या पुढे गुशैणीच्या आसपास पाण्यात उतरायचं. सहा दिवसांत अकरा ब्राऊन ट्राउट मिळाले. गेल्या वर्षी चार होते. आकड्यात सुधारणा दिसते, पण तिचं श्रेय कास्टिंगला (लाइन फेकण्याला) नाही, घड्याळाला आहे. ऊन तापलं की दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी चढतं आणि दुधाळ होतं. गेल्या वर्षी मी नाश्ता करून आरामात दहाला उतरायचो. यंदा उजाडताच पाण्यात होतो आणि अकराला बाहेर. दुसरं म्हणजे लांब फेकायचा सोस सोडला. मोठ्या दगडाच्या मागे जिथे पाणी वळसा घेऊन संथ होतं, तिथे वीस फुटांवरून निम्फ (पाण्याखाली बुडणारी माशी) सोडायची आणि लाइनला पोट आलं की ती उचलून वरच्या बाजूला टाकायची. प्रवाहाने माशी ओढली गेली की ट्राउट तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

तीर्थनच्याच ५ वेटच्या (वेट म्हणजे रॉड-लाइनच्या ताकदीचा क्रमांक) रॉडवरची लाइन घेऊन मी पहिल्या वर्षी मे महिन्यात कोकणात गेलो होतो, हे लिहायलाही लाज वाटते. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन मालवणच्या उन्हात शिजलेल्या शेवयांसारखी झाली आणि रॉडवरच्या कड्यांना चिकटून बसली. गरम प्रदेशासाठी कडक गाभ्याची लाइन वेगळी मिळते, हे मला त्या दिवशी कळलं. (ती हिमाचलात नेलीत तर उलटा त्रास, स्प्रिंगसारखी वेटोळी होते. नेऊ नका.) आता खाडीसाठी ९ वेट, त्यावर ती लाइन, नऊ फुटांचा लीडर (लाइनपुढचा निमुळता दोरा) आणि टोकाला २० पौंडांचं टिपेट, म्हणजे माशी बांधायचा शेवटचा दोरा. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने धुवायचं. हे एकदा विसरलो, तर ड्रॅगचा (रीलच्या ब्रेकचा) दट्ट्या दोन महिन्यांत जाम झाला.

पावसाळा गेला गवतावर. सोसायटीमागच्या मैदानात, माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून डबल हॉल, म्हणजे लांब फेकण्यासाठी लाइनला दोनदा द्यायची ओढ, घोटला. मागचा कास्ट थांबायच्या बेतात असताना डाव्या हाताने लाइन झटकन खाली ओढायची, लगेच हात वर नेत ती परत द्यायची आणि पुढच्या कास्टला पुन्हा तेच. वाचायला सोपं आहे. फोनवर शूट केलं तेव्हा दिसलं की माझा डावा हात ओढतो आणि खालीच राहतो, बसमध्ये दांडा धरल्यासारखा. त्यामुळे लाइन ढिली पडायची आणि पुढच्या ओढीला ताणच मिळायचा नाही. उपाय असा सापडला की रॉड आडवा धरून मागचा कास्ट गवतावर पडू द्यायचा, थांबायचं, हात कुठे आहे ते पाहायचं आणि मगच पुढचा कास्ट करायचा. तीन आठवडे हे केलं. जूनमध्ये ४० फूट जात होतं, सप्टेंबरअखेर ६५. वाऱ्यात अजूनही ५०. मैदानातली पोरं रोज विचारायची, "काका, पतंग कुठंय?"

मैदानापासून थोड्या अंतरावर मुळा-मुठा वाहते. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ साली आपल्या दख्खनी खडसाचं, म्हणजे महसीरचं, शास्त्रीय वर्णन लिहिलं ते पुण्याच्या पूर्वेला याच नदीत मिळालेल्या माशावरून. आज तिथे फेस वाहतो. दुसरीकडे महाडजवळच्या वाळणकोंडीत लोक देवीचे म्हणून महसीर राखतात आणि तिथे गळ टाकायचा विचारही कुणी करत नाही. मीही केला नाही.

संध्याकाळी माशा बांधायच्या. कोंबडीवाल्याकडून गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं मागून आणतो. तो ती फुकट देतो, पण दर वेळी हसतो. खाडीसाठी क्लाउझर मिनो ही छोट्या माशासारखी दिसणारी माशी बांधतो, तिच्या जड डोळ्यांसाठी बेसिनच्या बुचाची मण्यांची साखळी तोडली. दोन-दोन मण्यांची जोडी आकड्याच्या दांड्यावर आठच्या आकड्यात धागा फिरवून बसवायची. वजन वर बसलं की पाण्यात माशी उलटी होते, टोक आकाशाकडे राहतं आणि तिवरांच्या मुळांत कमी अडकतं. बेसिनला आता बूच नाही.

नोव्हेंबरात पुन्हा कर्ली. भरतीची वेळ काढायला काका मोबाइल बघत नाहीत. तिथीला पाऊणने गुणतात: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. ढोबळ असलं तरी काम भागतं. उधाणाला पाणी गढूळ होतं आणि ओढ फार असते, म्हणून आम्ही भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस धरले. ओहोटी लागल्यावरचे पहिले दोन तास बोयांची पिल्लं तिवरांतून बाहेर खेचली जातात आणि तांबोशी मुळांच्या तोंडाशी टपून असते.

पहिल्या सकाळी तीन तांबोश्या लागल्या आणि तिन्ही गेल्या. दोष माझ्या उजव्या हाताचा. ट्राउटने माशी घेतली की रॉड वर उचलायचा, ही तीर्थनची सवय. इथे रॉड उचलला की टोक वाकून सगळा धक्का तेच खातं. कडक जबड्यात आकडा घुसत नाही आणि तेवढ्यात तांबोशी मुळांत परतलेली असते. तिसऱ्या वेळी टिपेट कापलं गेलं तेव्हा काका ओरडले, "दोरी ओढ रे! काठी कित्याक उचलतंस?"

पुस्तकांत यालाच स्ट्रिप स्ट्राइक म्हणतात. रॉड माशाकडे रोखलेला ठेवायचा आणि डाव्या हाताने लाइन सरळ, लांब ओढायची. मी तो दोन वर्षं वाचत होतो. काका चाळीस वर्षं हातदोरीने मासे धरतायत. ज्याच्याकडे काठीच नाही, तो उचलणार काय? दुपारी त्यांनी माझ्या हातातून रॉड काढून घेतला, नुसती लाइन दिली आणि होडीच्या दुसऱ्या टोकाला बसून ती अधूनमधून खेचत राहिले. दर खेचेला मी ओढायचं. अर्धा तास त्यांनी मला माशासारखं खेळवलं.

दुसऱ्या दिवशी तांबोशी आली, ३८ सेंटीमीटर. ती काकूंच्या तव्यावर गेली. डिसेंबरात हातभर लांबीचा जिताडा मिळाला. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तिने माझं बोट कापलं. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून लहान सोडून दिला. काका दिवसभर बोलले नाहीत.

मार्चमध्ये बंदी उठल्याबरोबर तीर्थनवर होतो. दुसऱ्याच कास्टला सुकी (पाण्यावर तरंगणारी) माशी वर, प्रवाहाच्या उलट टाकली. एक चांगला ब्राऊन ट्राउट दगडाआडून सावकाश वर आला आणि त्याने तोंड उघडलं. मी रॉड माशाकडे रोखून, डाव्या हाताने लाइन सरळ, लांब ओढली. सैल पडलेली लाइन तेवढ्याने ताणली गेली नाही, ट्राउटने माशी थुंकली आणि खाली गेला. गाइडने हे सगळं पाहिलं. तो काही बोलला नाही, त्याने थर्मासमधून चहा ओतला.