वजन उतरायच्या आधी शुगर उतरली

पोटाचा बायपास (हृदयाचा नव्हे, जठर-आतड्याचा) झाल्यापासून भेटणारा प्रत्येक जण आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, "किती किलो गेले बाप्पा?" शुगरचं कोणी विचारत नाही. मी ऑपरेशन केलं ते मात्र शुगरसाठी.

नागपूरच्या इतवारीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभर गादीवर बसायचं काम. ऑपरेशनआधी वजन ११२ किलो, उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) चाळीसच्या जरा खाली. वडिलांना मधुमेह, काकांना मधुमेह, त्यामुळे चाळिशीनंतर मलाही लागला तेव्हा घरात कोणाला नवल वाटलं नाही. सात-आठ वर्षांत दोन गोळ्यांच्या चार झाल्या आणि मग रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. इन्सुलिन वाढलं की भूक वाढायची, भुकेनं वजन वाढायचं, वजनानं पुन्हा इन्सुलिन वाढायचं. एवढं करून एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, ९.४.

ऑपरेशनचं नाव पहिल्यांदा काढलं ते रामदासपेठेतल्या माझ्या शुगरच्या डॉक्टरांनी. हे मुद्दाम सांगतो, कारण गावभर 'मधुमेहापासून कायमची मुक्ती'चे फलक लागलेले असतात आणि लोकांना वाटतं मी तसला एखादा बघून गेलो. डॉक्टर म्हणाले, "तुमचं स्वादुपिंड अजून इन्सुलिन बनवतं का ते आधी बघू. बनवत असेल तर सर्जनकडे पाठवतो, नसेल तर नाही." त्यासाठी सी-पेप्टाइड नावाची रक्ताची तपासणी असते. शरीर स्वतःचं इन्सुलिन तयार करतं तेव्हा हा तुकडा त्याच्यासोबत सुटतो, त्यामुळे बाहेरून टोचलेलं इन्सुलिन या तपासणीत मोजलं जात नाही. माझं सी-पेप्टाइड चांगलं निघालं. म्हणजे माल होता, पण चरबीमुळे शरीर त्याला दाद देत नव्हतं.

धंतोलीतल्या सर्जनने तासभर समजावलं. मला वाटलं होतं, शंभरातल्या नव्वद लोकांची शुगर जात असेल. त्यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या अभ्यासाचे आकडे दाखवले. १५० मधुमेही, पाच वर्षं पाठपुरावा, निकाल २०१७ मध्ये छापलेला. एचबीए१सी ६ किंवा त्याखाली आलेले लोक बायपासवाल्यांत २९ टक्के, स्लीव्हवाल्यांत (जठर कापून लहान करायचं दुसरं ऑपरेशन) २३ टक्के आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांत ५ टक्के. "फक्त एकोणतीस?" मी विचारलं. ते म्हणाले, "सहाची रेघ फार कडक आहे. ती न गाठलेल्यांचीही औषधं बरीच कमी झाली. पण शुगर कायमची जाते असं मी तुम्हाला सांगणार नाही." इटलीतल्या दहा वर्षांच्या अभ्यासातही, जो २०२१ मध्ये आला, सुरुवातीला शुगर गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची परत आली होती. मात्र परत आलेलीही आटोक्यात होती. एवढं सरळ बोलणारा डॉक्टर पाहून माझा निर्णय त्याच खुर्चीत झाला.

स्लीव्ह की बायपास, हा निर्णय माझ्या एंडोस्कोपीनं, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीनं केला. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेल्याची नळी करतात. मला छातीत जळजळीचा जुना त्रास आणि सोबत हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला होता. स्लीव्हने जळजळ वाढू शकते, म्हणून बायपास. यात जठराची वरची एक छोटीशी पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग पोटातच राहतो, पण अन्न तिकडून जात नाही.

विमा कंपनीनं पहिल्या झटक्यात नाही म्हटलं. कारण लिहिलं होतं, 'लठ्ठपणावरील उपचार समाविष्ट नाहीत.' माझी मुलगी पॉलिसीचे कागद काढून बसली. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत वगळलेल्या उपचारांची ठरलेली भाषा आहे. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून गंभीर आजार सोबत असेल आणि साध्या उपायांनी वजन उतरलेलं नसेल, तर हे ऑपरेशन वगळता येत नाही. त्या गंभीर आजारांत औषधं घेऊनही आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह स्पष्ट लिहिलेला आहे. दोन्ही डॉक्टरांची पत्रं, जुने एचबीए१सी, डाएटिशियनकडच्या नोंदी, सगळं जोडून पुन्हा पाठवलं. मंजुरी आली, थोडी कापून. खर्च काही लाखांचा असतो, त्यामुळे ज्यांची पॉलिसी आहे त्यांनी नकाराचं पत्र आलं म्हणून गप्प बसू नये.

अमरावतीच्या ताईचा विरोध वेगळाच. "धडधाकट पोटाची चिरफाड काऊन करून राह्यला रे? आन् तेही पौषात?" पौष मी मुद्दाम निवडला होता, ते पुढे सांगतो.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पोळी-भात बंद. प्रोटीन पावडर, ताक, उकडलेल्या भाज्या, पनीरचे चार तुकडे. चरबीनं फुगलेलं यकृत यानं आकसतं आणि सर्जनला दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. या दोन आठवड्यांत माझी उपाशीपोटीची शुगर अशी उतरली की इन्सुलिन निम्म्यावर आणावं लागलं. बायको म्हणाली, "अहो, एवढ्यानंच उतरते तर मग कापायचं कशाला?" प्रश्न बिनतोड होता. सर्जन म्हणाले, "वहिनी, हे जेवण ते जन्मभर जेवतील का?" ती माझ्याकडे बघून हसली आणि विषय संपला.

डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला लावलं, कारण जुनी शुगर एकदम खाली आली तर पडद्याचा त्रास वाढू शकतो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी जी गोळी मी घेत होतो, ती ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंद केली. ती चालू असताना उपाशी राहिलं तर शुगर नॉर्मल दिसत असतानाच रक्तात आम्ल साठू शकतं. भुलीच्या डॉक्टरांनी ते दोनदा विचारून घेतलं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पोटावर पाच छोटी भोकं, खांद्यात गॅसचं दुखणं, संध्याकाळी वॉर्डात चालवलं. खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. नर्स दर काही तासांनी बोटाला टोचायची. १६०, १४२, १३०. इन्सुलिन देण्याची वेळच येईना. सलाइनमुळे वजन तर एखादा किलो वाढलंच होतं, आणि सुट्टी मिळाली तेव्हा माझ्या कागदावर इन्सुलिनच्या रकान्यात आडवी रेघ होती.

वजन हललं नाही आणि शुगर कशी उतरली? सर्जनच्या सांगण्यावरून मला जे कळलं ते असं. पहिलं कारण उपासाचं. खाणंच इतकं कमी की यकृतातली चरबी काही दिवसांतच उतरते आणि यकृत रात्रभर साखर सोडायचं कमी करतं. दुसरं कारण आतड्याचं. अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचलं की तिथून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक भरपूर सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. आता आठवड्याला एक टोचायची जी इंजेक्शनं निघाली आहेत, आपल्याकडे २०२५ मध्ये आलेलं मौंजारो वगैरे, ती याच वाटेनं काम करतात. माझ्या वेळी ते हाताशी असतं तर आधी तेच करून पाहिलं असतं का? कदाचित. पण बंद केलं की बहुतेकांचं वजन परत येतं, आणि दर महिन्याचा खर्च वेगळा. वजन उतरल्यावर शरीर इन्सुलिनला दाद देऊ लागतं, हा तिसरा भाग पुढच्या महिन्यांतला.

आता पौषाचं. बायपासनंतर घटाघटा पाणी पिता येत नाही. घोट घोट घ्यायचं, तेही जेवणाच्या अर्ध्या तासाआधी किंवा नंतर. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, घोटाघोटानं दोन लिटर पाणी पोटात घालणं हे पूर्णवेळ काम आहे. ऑपरेशन हिवाळ्यात झाल्यामुळे उन्हाळा येईपर्यंत सवय तरी लागली होती. गादीशेजारी बाटली, दर पाच मिनिटांनी घोट, गिऱ्हाईक बोलत असलं तरी. कुलरसमोर बसूनही एकदा चक्कर आलीच. रक्तदाबाची गोळी जुन्याच डोसात चालू होती, ती नंतर कमी केली.

खाण्याचा नियम एकच, प्रोटीन आधी. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर मी आता तर्रीतले चणे वेचून खातो, पोहे मित्राच्या प्लेटमध्ये. सावजी मटणाचा तुकडा बरेच महिने घशाखाली अडकायचा, आता नीट चावला तर जातो. गोडाचं मात्र शरीर ऐकत नाही. भाच्याच्या साखरपुड्याला व्याह्यांनी आग्रहानं बासुंदीची वाटी हातात दिली. अर्ध्या तासात छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा. दीड-दोन तासांनी हात थरथरायला लागले, मोजलं तर शुगर ६२. गोड एकदम आतड्यात उतरतं, शुगर उसळते, मग इन्सुलिनचा लोंढा येतो आणि शुगर दाणकन पडते. मधुमेही माणसाला बासुंदी खाऊन शुगर कमी झाली, हे ताईला अजूनही पटत नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठभर गळाले, पुढे परत आले. बी-१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट, डी जीवनसत्त्व हे जन्मभराचं आहे. सांधे दुखले म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक आणून घ्यायची नाही, पिशवी आतड्याला जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. शुगरची मेटफॉर्मिन ही हळूहळू विरघळणारी गोळी बदलून साधी दिली, कारण आखूड झालेल्या वाटेत ती पुरती शोषली जाईल याचा भरवसा नाही.

आज दोन वर्षं होऊन गेली. वजन ८१ पर्यंत उतरलं होतं, आता ८४ आहे. एचबीए१सी ६.२, मेटफॉर्मिनची एक गोळी चालू. शास्त्राच्या हिशेबात, औषध बंद करून किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं तरच मधुमेह शमला म्हणतात. म्हणजे माझा शमलेला नाही. डॉक्टर म्हणतात, गोळी बंद करून बघू. मी म्हणतो, असू द्या. इन्सुलिनची सुई सुटली, तेवढ्या एका गोळीशी माझं भांडण नाही.

बाजारातल्या एका व्यापारी मित्रानं माझं बघून तोच डॉक्टर गाठला. त्याची शुगर अठरा वर्षांची, दिवसातून तीनदा इन्सुलिन, अंगानं बारीक, सी-पेप्टाइड तळाला गेलेलं. स्वादुपिंडातच काही उरलं नसेल तर आतड्याची वाट बदलून निरोप पोचणार कोणाकडे? सर्जननं त्याला चहा पाजून परत पाठवलं. त्याला वाटतं, मीच डॉक्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानंतर तो माझ्याकडून खिळे घेत नाही, पलीकडच्या गल्लीत जातो.