सिन्योरा म्हणतात, आवाज त्याचाच

इटलीतल्या तोरिनोत (म्हणजे ट्यूरिनमध्ये) राहायला आल्यापासून माझं एक गाऱ्हाणं आहे आणि ते मी घरी फोनवर सगळ्यांना ऐकवून झालंय. इथे थिएटरात जे लागतं ते डब केलेलं. हॉलीवूडचा हीरो इटालियन बोलतो, कोरियन आजीबाई इटालियन बोलतात. मूळ भाषेतला शो आठवड्यात एखादा, तोही आडवेळी. ओठ एकीकडे, शब्द भलतीकडे. आमची आई जेवताना हिंदीत डब केलेले तेलुगू सिनेमे बघायची, त्यावरून मी तिची किती टिंगल केली असेल! ते सगळं आता व्याजासकट फिटतंय.

गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या सिन्योरांनी, म्हणजे आपल्याकडच्या बाईंनी, जेवायला बोलावलं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. जेवणानंतर त्यांनी 'प्रोफोंदो रोस्सो' लावला. दारिओ आर्जेंतोचा 1975 चा भयपट. गोष्ट रोममधली, पण चित्रीकरण बरंचसं आमच्या तोरिनोतलं. पो आणि दोरा या नद्यांचे पुतळे असलेला कारंज्यांचा चौक आहे ना, ज्याचे फोटो मी सारखे टाकतो? नायक रात्री तिथेच उभा असतो आणि वरून किंकाळी येते.

नायक आहे डेव्हिड हेमिंग्ज, इंग्रज माणूस. तो घडाघडा इटालियन बोलायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण हा त्याचा आवाज नाही."

सिन्योरांनी सिनेमा थांबवला. "मग कोणाचा? पन्नास वर्षं ऐकतेय मी. त्याचाच आहे."

मी हुशारी करत डिस्कवर इंग्रजी लावलं. दहा मिनिटं झकास गेली. मग ऐन संवादात हेमिंग्ज इटालियन बोलू लागला! थोड्या वेळाने पुन्हा इंग्रजी. झालं होतं असं, की परदेशी पाठवलेल्या प्रतीतून सुमारे 20 मिनिटं कापली होती आणि त्या तुकड्यांना डिस्कवर इंग्रजी आवाजच नाही. सिन्योरा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

मग माझी शिकवणी झाली. त्या काळी इथे सेटवरचा आवाज वापरायचाच नाही, अशीच रीत. अर्ध्या नटमंडळींची भाषा वेगळी. जो तो आपापल्या भाषेत बोलायचा आणि सगळ्यांचे आवाज नंतर स्टुडिओत भरायचे, इटालियन नटांचेसुद्धा. दिग्दर्शक फेलिनी तर काही जणांना सेटवर नुसते आकडे म्हणायला लावायचा. मुळात 1930 च्या सुमारास मुसोलिनीच्या सरकारने पडद्यावर परकी भाषा नको म्हणून डबिंगची सक्ती केली, ती सक्ती गेली तरी सवय राहिली. म्हणजे मी जो 'मूळ आवाज' शोधत होतो तो नव्हताच. इंग्रजीही चिकटवलेलं, इटालियनही चिकटवलेलं.

हे मला पटलं, पण पचलं नाही. म्हणून मी आपली बाजू मांडली. बाहुबलीचा हिंदी आवाज आमचा शरद केळकर, पुष्पाचा श्रेयस तळपदे, दोघे मराठी! आणि 'झपाटलेला'तला बाहुला, तात्या विंचू, तो तर दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाशिवाय नुसतं लाकूड. सिन्योरांना यातलं काही कळलं नाही, पण बाहुला म्हटल्यावर त्या सरसावून बसल्या.

खरी गंमत मात्र संगीताची. सेटवरचा आवाज नकोच असेल तर सेटवर वाटेल तो गोंगाट करता येतो. 'सुस्पिरिया'च्या (1977) वेळी आर्जेंतोने गोब्लिन या बँडचं संगीत चित्रीकरण चालू असताना मोठ्याने वाजवलं, नट खरोखर दचकावेत म्हणून. ध्वनिमुद्रक कान देऊन बसलेला असता तर हे जमलं असतं का? ज्या गोष्टीला मी तीन वर्षं शिव्या घातल्या तिच्यातूनच ही भीती निघालीय. 'प्रोफोंदो रोस्सो'त खुनाआधी लहान मुलाच्या आवाजातलं एक ला-ला-ला वाजतं. ते गास्लिनी नावाच्या जॅझ पियानोवादकाचं. पुढे त्याच्या जागी गोब्लिन आले, विशीतली पोरं. त्यांचा ऑर्गन दणकून वाजतो, पण माझी झोप उडवली ती त्या ला-ला-लाने. अंगाईसारखी चाल आणि पुढे सुरा. तेव्हापासून मी चौक टाळून लांबच्या रस्त्याने घरी येतो. चालणं तब्येतीला बरं असतं.

मूळ भाषेतला शो मी अजूनही शोधतो, हे कबूल करतो. माझं इटालियन कच्चं आहे हे त्याचं कारण नाही. म्हणजे, तेवढंच कारण नाही.

'सुस्पिरिया'च्या संगीतात चक्क तबला आहे. गोब्लिनच्या बास गिटारवाल्या पिन्यातेल्लीने वाजवलेला. ऊर भरून आला, लगेच घरी व्हॉट्सअॅपवर पाठवलं. बाबा तीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवतात. जादूटोण्याची कुजबूज, घोगरे श्वास, सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि उत्तर पाठवलं: "डग्गा उतरलाय. आधी लावून घ्या म्हणावं."