तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे कागद घरात कशाला?

माडीवरची दोन लोखंडी कपाटं पाहिली की घरी आलेला माणूस हमखास विचारतो, "एवढे जुने कागद कशाला सांभाळता? महत्त्वाचे तेवढे स्कॅन करा नि बाकीचे टाकून द्या." विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण चहाचा कप हातात असताना याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून लिहून काढते.

आमचं घर फोंडा तालुक्यातलं. आजोबा गोवामुक्तीच्या लढ्यात होते. आत्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, आणि १९९०च्या दशकात केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ या कृत्रिम धाग्याचा कारखाना यायचा होता तेव्हा विरोधातल्या आंदोलनात उतरली. भाची आता समुद्रविज्ञानात संशोधन करते. तिघांचेही कागद याच कपाटांत आहेत.

आता यातलं महत्त्वाचं कुठलं, ते कोणी ठरवायचं? आत्याची एक शंभर पानी वही आहे. पठारावर पडणारा पाऊस जांभ्या दगडातून मुरतो आणि खाली झरी-विहिरींत येतो, त्यावर कुळागरं, म्हणजे आमच्याकडच्या सुपारी-नारळाच्या बागा, जगतात. कारखाना येण्याआधीचं पाणी कसं होतं याची नोंद हाती असायलाच हवी, असं तिचं म्हणणं. म्हणून वहीत पुढच्या बाजूने विहीर कोणाची, तारीख, रंग, वास, सामू (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी, म्हणजे pH). अक्षर बारीक, रेघा फूटपट्टीने मारलेल्या. तीच वही उलटी करून मागून उघडा: मोर्चाला येणाऱ्यांची नावं, टेंपो कोण आणणार, वर्गणी कोणी किती दिली, पाव किती सांगायचे. घाईघाईत लिहिलेलं, खाडाखोडीचं. संशोधकाला पुढची पानं हवी असतात, चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्याला मागची. पण दोन्हीकडची नावं ताडून पाहिली की कळतं, जिच्या विहिरीचं पाणी तपासलं तीच बाई वर्गणीच्या यादीत पहिली. मोजमापामुळे माणसं जमली की माणसं जमली म्हणून मोजमाप झालं, हे त्या वहीतच कळतं. अर्धी वही स्कॅन करून उरलेली रद्दीत घातली तर हा प्रश्नसुद्धा कुणाला पडणार नाही.

आजोबांचे कागद फार थोडे. पोलिसांची झडती येईल या धास्तीने पत्रं चुलीत गेली, असं आजी सांगायची. अशी चूल गोव्यात कितीतरी घरांत पेटली असणार. उरलंय त्यात एक लग्नपत्रिका आहे. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकाही छापण्याआधी सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. १८ जून १९४६ला मडगावात राममनोहर लोहियांच्या सभेला माणसं का लोटली, ते मला भाषणांपेक्षा त्या पत्रिकेवरून जास्त कळलं. पणजीचं पुराभिलेखागार १५९५पासूनचं, तिथली दप्तरं थोर आहेत. पण सरकारी दप्तरात आजोबांसारखा माणूस सापडला तर संशयित किंवा आरोपी म्हणून. त्याने बायकोला तुरुंगातून काय लिहिलं, ते घरातच मिळायचं.

गोव्यातल्याच सांखवाळचे धर्मानंद कोसंबी पाहा. जन्म १८७६चा. बौद्ध विद्येच्या ओढीने घर सोडलं, हार्वर्डमध्ये ग्रंथसंपादन केलं, आणि १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. मुलगा दामोदर गणिती. १९४४ साली त्यांनी मांडलेलं सूत्र जनुकांमधली अंतरं काढायला आजही वापरतात, आणि हेच दामोदर शांतता चळवळीत होते, अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा आग्रह धरत होते. नात मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ. आजोबांचं मराठी लेखन त्यांनी इंग्रजीत नेलं, वडिलांवरचा ग्रंथ संपादित केला. घरातलं कुणीतरी असं बसतं, तेव्हा पुढच्यांना अख्खं घर वाचता येतं. नाहीतर आजोबा धर्माच्या कपाटात, मुलगा गणिताच्या, आणि सत्याग्रह तिसरीकडेच.

स्कॅन मीही करते, जरूर करावं. पण हार्ड डिस्क बंद पडते, आणि पत्राच्या पाठीवरचा हिशेब स्कॅन करायला लोक विसरतात. लॅमिनेशन मात्र कोणी करू नका. उष्णतेने कागद प्लास्टिकमध्ये कायमचा चिकटतो, पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको.

आपल्याकडचा पाऊस कागदाचा वैरी. बुरशी, कसर, वाळवी, तिन्ही एकदम येतात. कपाट भिंतीपासून हातभर दूर ठेवायचं, पायांखाली ठोकळे. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढायच्या. गठ्ठा ज्या क्रमाने सापडला त्याच क्रमाने ठेवायचा आणि वरच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहायचं: कोणाचा, कुठल्या पेटीतला.

हे सगळं एक दिवस संस्थेकडे जाईल, जायलाच हवं. पण एकत्र जाईल, यादीसकट, लेखी करार करून. आत्याची काही खाजगी पत्रं आहेत, त्यांतली माणसं हयात आहेत. ती बंद राहतील, असं आम्ही चुलत-आत्ते भावंडांनी मिळून ठरवलंय. अभ्यासकांना हे रुचत नाही, तरी माझं मत बदललेलं नाही.

तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल तर मृगाआधी खाली काढा. कागद लावायला पुढे वेळ मिळेल. आधी पेटीतले जुने फोटो बाहेर काढा, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि कोण कोण आहे ते विचारून मागे पेन्सिलीने लिहून घ्या.