न तापणारी गाडी

“आपल्याकडे थर्मोस्टॅट लागतच नाही. काढून टाकू, पाणी मोकळं फिरू दे.” जुन्या पेट्रोल गाड्यांच्या गॅरेजात हे कधी ना कधी कानावर पडतंच, आणि सांगणारा मिस्त्री तुमच्या भल्यासाठीच सांगत असतो. मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या त्याने जन्मभर पाहिलेल्या असतात. उष्णता म्हणजे शत्रू, हे एकदा ठरलं की इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत थर्मोस्टॅटची झडप हवी कशाला?

माझ्या गाडीचं दुखणं मात्र उलटं होतं. ती तापतच नव्हती. डिसेंबरात पहाटे नाशिकला निघालो, सिन्नर मागे पडलं तरी तापमानाचा काटा तळाशी, आणि हिटरमधून येणारा वारा जेमतेम कोमट. सिग्नलला थांबलं की काटा थोडा वर सरकायचा, हायवेला लागलं की पुन्हा खाली. थर्मोस्टॅट उघडाच अडकून बसल्याचं हे नेहमीचं लक्षण. तो बंद अवस्थेत अडकला तर वाफा निघतात, धावपळ होते, चार माणसं पाणी घेऊन येतात. उघडा अडकला तर कुणी विचारत नाही. गाडी चालत राहते, पेट्रोल जरा जास्त पिते, आणि मालक पेट्रोलपंपाला नावं ठेवतो.

इंजिनाला उष्णता हवी असते, हे आपल्या हवेत राहून पटायला जड जातं खरं. पण गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. ते सिलिंडरच्या भिंतींवर चिकटतं आणि तिथलं तेल धुऊन नेतं. जळणातून तयार झालेली पाण्याची वाफ उडून जाण्याऐवजी ऑइलमध्ये उतरते. गार चालणाऱ्या गाडीचं ऑइलचं झाकण उघडलं तर आत कधी कधी पिवळसर पांढरा साका सापडतो. म्हणून थर्मोस्टॅट सुरुवातीला रेडिएटरकडे (वाऱ्याने पाणी गार करणाऱ्या पुढच्या जाळीकडे) जाणारं पाणी अडवून धरतो, ते इंजिनातल्या इंजिनात फिरू देतो आणि पुरेसं तापल्यावरच दार उघडतो. काही इंजिनांत तर हाच थर्मोस्टॅट दार उघडताना आतली ही छोटी वाटही बंद करत असतो. तिथे तो काढून टाकला, तर बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता त्या छोट्या वाटेनेच फिरत बसतं आणि गरम होऊ नये म्हणून उघडी केलेली गाडी गरमच होते. मिस्त्रींना हे सांगितलं. ते “बघा बुवा” म्हणाले. मग काम घरीच करायचं ठरवलं.

नवा थर्मोस्टॅट हातात घेतला की निराशा होते. पितळी तबकडी, एक स्प्रिंग, मधे बोटाच्या पेराएवढी डबी. वायर नाही, बॅटरी नाही. त्या डबीत मेण असतं, हीच सगळी गंमत. ठरावीक तापमानाला ते वितळतं, वितळताना फुगतं, आणि फुगण्याच्या जोरावर एक दांडा ढकलून झडप उघडतं. गार झालं की स्प्रिंग ती पुन्हा मिटते. सर्जियस व्हर्नेट नावाच्या संशोधकाने १९३०च्या दशकात ही मेणाची युक्ती काढली. त्याआधी द्रव भरलेला पन्हाळीदार डबा असायचा. पण गाड्यांमधलं पाणी दाबाखाली ठेवायला लागल्यावर त्या दाबानेच डब्याची गणितं बिघडायला लागली. मेणाला दाबाची फारशी पर्वा नाही. इतकी वर्षं झाली, बाकी इंजिनात संगणक घुसला, तरी बहुतेक गाड्यांत हे मेण अजून आपल्या जागी आहे.

तबकडीवर ८२ कोरलेलं होतं, म्हणजे ८२ अंशांना उघडायला लागणार. बसवण्याआधी ते खरं आहे का हे पाहणं माझ्या दृष्टीने या कामातला सर्वांत मोठा आनंद. पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी स्वयंपाकघरातला लांब थर्मामीटर. (तापाचा चालत नाही, तो ४२ला हात टेकतो.) सत्तरला काही नाही. ऐंशीला काही नाही. आपण गॅस बारीक करावा की मोठा या विचारात असताना तबकडीच्या कडेला केसाएवढी फट दिसते आणि मग ती कुणी आतून ढकलावी तशी रुंदावत जाते. पूर्ण उघडायला ९५च्या आसपास जावं लागतं. पुण्यात पाणी ९८ला उकळतं, म्हणून इथे जमून जातं. महाबळेश्वरला पाणी ९५लाच उकळी धरतं, तिथे हा प्रयोग काठावर पास होईल. जुना थर्मोस्टॅट याच परीक्षेला बसवला, पण रंगाच्या रिकाम्या डब्यात आणि बाहेरच्या शेगडीवर. कूलंटमधलं, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात मिसळतात त्या द्रवातलं, ग्लायकॉल विषारी, त्यात चवीला गोड. सोसायटीतली कुत्री ते चाटायला येतात, म्हणून काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्येच भरावं.

प्रत्यक्ष बदलणं म्हणजे दोन बोल्टचं काम. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढायचं. गरम असताना नाही, कारण ते झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून बसलेलं असतं आणि आतलं पाणी ११५ अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. ते उकळतं तुम्ही झाकण उघडल्यावर, तुमच्या तोंडावर. खालचा होज (रबरी नळी) सैल करून पाणी काढलं, थर्मोस्टॅटचं वरचं घर उघडलं. खरा वेळ खाल्ला जुन्या पॅकिंगने. ॲल्युमिनियमला कागद असा चिकटून बसला होता की पत्र्यावर ओरखडा न पाडता तो खरवडण्यात सकाळ गेली. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, हवा सुटायची बारीक पिन वरच्या अंगाला, बोल्ट आलटून पालटून आणि बेताने आवळायचे, ॲल्युमिनियमला जोर सहन होत नाही. भरायला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी घातलं तर बादलीवर जो थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

मग गाडी चालू करून, झाकण उघडं ठेवून, हिटर पूर्ण गरमवर लावून बुडबुडे संपायची वाट बघायची. वरचा होज बराच वेळ गार असतो. हात ठेवून बसलं तर एका क्षणी तो एकदम गरम होतो, आणि मेण वितळल्याचं हाताला कळतं.

पार्किंगमध्ये बोनेट उघडं दिसलं की शेजाऱ्यांना राहवत नाही. वॉचमन पाण्याची बाटली घेऊन आला. पहिल्या मजल्यावरचे काका भाजीची पिशवी घेऊन थांबले. “काय, गाडी गरम झाली वाटतं?”

“नाही हो काका, होत नव्हती. आता व्हायला लागली.”

त्यांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वॉचमनला म्हणाले, “बाटली ठेव इथे. लागेल.”