मांजरसुंब्याच्या घाटात उकळलेले पाणी

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही जालन्याहून तुळजापूरला निघालो होतो. जुनी डिझेल मिनीबस विकत घेऊन तिच्यात दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि दोन बॅटऱ्या बसवून तयार केलेले आमचे फिरते घर तोवर दीड वर्ष विनातक्रार चालले होते. बीड मागे टाकून पालीच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट लागला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. एसी चालू होता, पुढे एक भरलेला ट्रक रांगत होता आणि मी गिअर न उतरवता गाडी तशीच रेटत होतो. तापमानाचा काटा मध्यावरून हलला आणि पाहता पाहता लाल रेषेला टेकला. गाडी कडेला घेईपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली होती.

मागून येणाऱ्या एका ट्रकचालकाने गाडी थांबवली. माझी पत्नी पाण्याची कळशी घेऊन उतरली होती, तिला त्याने हातानेच थांबवले. “ताई, इंजिनवर पाणी टाकू नका. आणि काका, झाकणाला तर हातच लावू नका. इंजिन बंद करा, बॉनेट उघडं ठेवा आणि अर्धा-पाऊण तास सावलीला बसा.” त्या दिवशी त्याच्यामुळे मोठे नुकसान टळले, कदाचित माझा चेहराही भाजण्यापासून वाचला. इंजिनातले तापलेले पाणी हवेने थंड करणाऱ्या रेडिएटरच्या झाकणामुळे आतील पाण्यावर साधारण एक बार जादा दाब राहतो आणि त्या दाबामुळे शंभर अंशांच्या वर गेलेले पाणीही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब नाहीसा होतो, त्याच क्षणी आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या अंगावर येते. तापलेल्या ओतीव लोखंडावर थंड पाणी पडले तर इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) किंवा ब्लॉकला (मुख्य सांगाड्याला) तडा जाण्याची भीती वेगळीच.

दोष घाटाचा आणि मे महिन्याच्या उन्हाचा आहे, असे तेव्हा मला वाटले होते. बीडच्या एका गॅरेजमध्ये रेडिएटर खाली उतरवल्यावर हा समज गेला. अशा गाडीत पुढून आत येणारी हवा आधी एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरमधून, मग इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून आणि शेवटी रेडिएटरमधून जाते. कंडेन्सरचा बाहेरून दिसणारा भाग मी दर महिन्याला धूत असे, त्यामुळे तो स्वच्छ होता. मात्र त्याच्या मागे, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत, सोयाबीनचा भुसा, कापसाचे तंतू, किडे आणि काळ्या मातीची धूळ तेलकट ओलाव्याने एकत्र बसून घोंगडीसारखा जाड थर झाला होता. आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आम्ही लातूर आणि परभणी भागात पुष्कळ फिरलो होतो. ते मळणीचे आणि कापूस वेचणीचे दिवस. रस्त्याच्या कडेला मळणीयंत्रे चालू असतात, कापसाने भरलेले टेम्पो तंतू उडवत पुढे धावतात, आणि हे सगळे आपल्या गाडीचा पंखा आत ओढून घेत असतो. हिवाळाभर सपाट रस्त्यावर इंजिनाने ते निभावून नेले. घाटात मात्र त्याला लागणारी हवा मिळेना.

आता दर फेब्रुवारीत, म्हणजे हंगाम संपल्यावर आणि ऊन चढण्याआधी, हे तिन्ही भाग एकमेकांपासून सोडवून धुऊन घ्यायचे मी ठरवले आहे. पाण्याची धार पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारावी लागते, कारण पुढून मारली तर अडकलेला कचरा आणखी आत बसतो. धारही हलकी हवी. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने रेडिएटरच्या नाजूक पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. हौसेने पुढे लावलेले दोन मोठे दिवे आणि त्यांची जाळीही मी काढून टाकली, कारण रेडिएटरकडे जाणारी हवा तीही अडवत होती.

फिरत्या घराच्या बाबतीत हे सारे अधिक गंभीर का, हेही सांगायला हवे. डिझेल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, तेवढाच सायलेन्सरवाटे बाहेर पडतो आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा थंड करणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. प्रवासी बस कधी भरलेली तर कधी रिकामी धावते, आमचे घर मात्र नेहमी भरलेलेच असते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, त्यात बॅटऱ्या, गॅस सिलिंडर, फर्निचर आणि वाऱ्याला आडवे येणारे उंच छप्पर. आता घाटाच्या वाटेवर मी टाकी अर्धीच भरून निघतो.

दुसरी चूक पाण्याची होती आणि ती सर्वस्वी माझ्या हातची होती. मराठवाड्यातील काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. घरातल्या गिझरच्या कॉइलवर आणि पाणी तापवण्याच्या पातेल्यात बसणारा पांढरा थर आपण सगळेच ओळखतो. ढाब्यावर थांबलो असताना पातळी जरा कमी दिसली की तेच पाणी मी दोन-तीन वेळा रेडिएटरच्या टाकीत ओतले होते. इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये तोच क्षार बसतो, आणि क्षारातून उष्णता सहज पार होत नाही. शिवाय अशी भर घालत गेल्याने कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायचे द्रव, पातळ होते आणि गंज रोखणारी त्यातील द्रव्येही विरळ होतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे, हे प्रमाण योग्य आहे. हे मिश्रण दाब नसतानाही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही. “मग नुसते कूलंटच भरू” असे म्हणणारे मला पुष्कळ भेटले, पण ते चुकीचे आहे, कारण उष्णता वाहून नेण्याचा गुण पाण्यातच अधिक असतो. बाजारातील काही डबे आधीच पाणी मिसळलेले असतात, तेव्हा डब्यावरची माहिती वाचल्याशिवाय त्यात पुन्हा पाणी घालू नये. आणखी एक, कूलंट विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले कूलंट तसेच सोडले तर कुत्री आणि जनावरे ते चाटतात. ते पुसून घ्यावे, जमिनीवर कधीही ओतू नये.

त्याच गॅरेजमध्ये मला एक सल्लाही मिळाला, जो आपल्याकडे अनेक ठिकाणी मिळतो: “थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील.” मी तो मानला नाही आणि कोणीही मानू नये, असे मला मनापासून वाटते. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची झडप, आणि ती साधारण ८० ते ८५ अंशांच्या आसपास उघडू लागते. तो काढला तर सपाट रस्त्यावर इंजिन हवे तितके तापतच नाही, डिझेल जास्त जळते आणि झीज वाढते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडताना रेडिएटरला वळसा घालणारी छोटी वाट बंद करतो. तो नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाताच इंजिनात परततो, म्हणजे ज्या भीतीने तो काढला तेच घाटात घडते. शंका असेल तर थर्मोस्टॅट बाहेर काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवावा. कोणत्या अंशावर उघडतो ते डोळ्यांनी दिसते, आणि बिघडला असेल तर नवा बसवावा.

झाकणाची स्प्रिंग, पट्ट्याचा ताण, होज पाईपांचा मऊपणा आणि वॉटर पंपाखालची गळती या गोष्टी कोणीही पाहू शकतो. उष्णतेप्रमाणे पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा व्हिस्कस क्लच मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. इंजिन तापलेले पण पूर्ण बंद असताना, किल्ली खिशात ठेवून, पंखा हाताने फिरवला तर तो जड लागला पाहिजे. सैल होऊन अनेक फेऱ्या फिरत राहिला तर त्यातील सिलिकॉनचे द्रव गळाले आहे, आणि घाटात तो पूर्ण वेगाने हवा ओढणार नाही.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर माझा आता विश्वास उरलेला नाही. पुष्कळ गाड्यांत तो मोठ्या मर्यादेपर्यंत मध्यावरच स्थिर दाखवलेला असतो आणि सरकतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाणी गळून गेले आणि सेन्सर कोरडा पडला तर काटा उलट खालीही येऊ शकतो, आणि चालवणाऱ्याला वाटते की गाडी थंड झाली. म्हणून मी प्रत्यक्ष आकडा दाखवणारे छोटे यंत्र जोडून घेतले. सपाट रस्त्यावर माझ्या गाडीचा आकडा ८८ ते ९० असतो. तो १०० कडे जाऊ लागला की मी एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करतो, कारण हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे. मेच्या दुपारी ते सोसणे कठीण जाते, पण हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी) गेल्यावरचा खर्च त्याहून पुष्कळ कठीण असतो. पाणी गळालेले नसेल आणि आकडा केवळ वाढलेला असेल तर कडेला थांबून इंजिन काही मिनिटे सावकाश चालू ठेवावे, म्हणजे पंप आणि पंखा काम करत राहतात आणि इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोलाही निवायला वेळ मिळतो. वाफ दिसली किंवा पाणी वाहिले तर मात्र लगेच बंद करावे.

या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा त्याच घाटाने गेलो. सकाळी नऊच्या आत पाली ओलांडले आणि चढ सुरू होण्याआधीच गिअर उतरवला. इंजिन दमून गुरगुरत ठेवण्यापेक्षा ते खालच्या गिअरमध्ये मोकळे फिरू दिले की पंप आणि पंखाही वेगाने फिरतात, हे मी गेल्या वर्षीच शिकायला हवे होते. माथ्याजवळ आकडा ९६ होता, मांजरसुंब्याच्या चौकात पोहोचेपर्यंत तो ८९ वर उतरला. दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजापुरात, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीतील कूलंटची पातळी पाहिली. ती आदल्या दिवशीच्या खुणेवरच होती.